मोजलेली मुलगी

नव्या वस्तीत पाऊल टाकलं की मी आधी तिथली सगळ्यात म्हातारी बाई गाठते. तिचं नाव, वय, माहेर, लेकरं किती झाली आणि किती जगली, हे सगळं तिला ओट्यावर बसवून चार माणसांदेखत विचारते. ज्या घरात लग्नाची मुलगी आहे तिथे सगळ्यात शेवटी जाते, आणि मुलीच्या हातचा चहासुद्धा घेत नाही. हा नियम कुठल्याच पुस्तकात सापडत नाही, म्हणून माझ्या हाताखाली शिकणारी मुलं हसतात. हसू देत. त्यांना कुणी असं पाहून गेलेलं नाही.

माणसं शहरात येऊन राहतात कशी, कोण कुणाच्या दारात बसतं, कुणाचं कुणावाचून अडतं, हे विचारत गल्लोगल्ली फिरणं हा पुढे माझा धंदा झाला. मानवशास्त्र असं त्याला भारदस्त नाव आहे. पण त्या शास्त्राशी माझी पहिली गाठ पडली तेव्हा मी मोजणारी नव्हते, मोजली जाणारी होते. आणि त्यापायी अर्धा उन्हाळा मी पत्र्याच्या एका खोलीत कोंडून घालवला.

तेव्हा आम्ही चिंचवड स्टेशनच्या मागे राहत होतो. स्वातंत्र्य मिळून अजून दहा वर्षं पुरी व्हायची होती. मुंबई रस्त्याला पिंपरीपाशी औषधाचा मोठा कारखाना सुरू झाला होता, पलीकडे निर्वासितांच्या बराकी होत्या, आणि बाकी सगळी जोंधळ्याची रानं. भोसरी म्हणजे पैलवानांचं गाव, मोशी म्हणजे नदीकाठची भाजी, आणि निगडीला जायचं तर लोक सोबत बघून निघायचे. कारखान्यांनी माणसं बोलावली होती, पण त्यांनी राहायचं कुठे याचा विचार कुणी केला नव्हता. म्हणून गावातल्या एका विधवा बाईने आपल्या शेताच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची ओळ बांधली आणि भाड्याने दिली. ओळीत सातारकडचे आम्ही, शेजारी कोकणातलं कुटुंब, पुढे मराठवाड्यातली दोन घरं, मग पुन्हा काही सातारकडची, काही कोकणातली, आणि टोकाला सायकली भाड्याने देणारे चाचा. मालकीणबाईचं घर ओळीच्या तोंडाशी होतं. ती दिवसभर ओट्यावर बसून असायची. तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय मांजरसुद्धा आत येत नसे.

माझे वडील कारखान्यात बॉयलरवर होते. त्यांना मी दादा म्हणायचे. माझ्या पाठची भावंडं जगली नव्हती, त्यामुळे त्यांचं जे काही होतं ते माझ्यावर होतं. मी सातवीची फायनल पास झालेली होते, आणि आमच्यात तेव्हा तेवढं शिक्षण मुलीला जास्तच समजलं जायचं. आई रोज एकदा तरी म्हणायची, एवढ्या शिकलेल्या पोरीला स्थळ कुठून आणायचं.

त्या वर्षी कारखान्यात मुलींची भरती निघाली. इंजेक्शनच्या इवल्याशा बाटल्या उजेडासमोर धरायच्या, आत केस, कण किंवा काचेला तडा दिसला तर बाजूला काढायच्या, असं काम. ही बातमी दादांनीच घरी आणली होती. आईला त्यांनीच पटवलं. "डोळं चांगलं पायजेत आन् हात सावकाश पायजे, बस्स. समद्या पोरीच हायेत तिथं," असं ते तिला चार रात्री सांगत होते. शेवटी आई हो म्हणाली. मी डबा घासून लखलखीत करून ठेवला. दादांबरोबर सकाळी त्या रस्त्याने चालत जायचं, भोंगा वाजला की आत शिरायचं, ह्या कल्पनेने मला झोप येत नव्हती. जन्मात दुसरं काही मी इतकं मागितलं नव्हतं.

आणि जायच्या आदल्या दिवशी, रविवारी, पाहुणा आला.

चाचांची भाड्याची सायकल घेऊन तो स्टेशनवरून आला. पंचविशीचा, चष्मेवाला, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला झोळी. पुण्याच्या एका कॉलेजातून आलोय म्हणाला, नव्या वस्त्यांचा अभ्यास करतोय म्हणाला. अभ्यास हा शब्द दादांनी ऐकला आणि आदराने खाली सोडून दिला. दुपारची वेळ, घरी आलेला माणूस, त्याला बसा म्हणायचं सोडून कोण अभ्यासाची चौकशी करतो? आमची खोली ओळीतली पहिली, म्हणून त्याने आमच्यापासून सुरुवात केली. इतकं साधं कारण होतं ते.

बसल्यावर त्याने विचारलं, मूळ गाव कुठलं. मग कुळी कुठली. मग दादांचे मामा कुठले, आत्या कुठे दिली, आईचं माहेर कुठलं, तिच्या बहिणी कुठे दिल्या. दादा ताठ बसत चालले. समोरच्याला मोकळं वाटावं म्हणून त्याने आपलंही सांगितलं, तर तो आमच्यातलाच निघाला, आणि त्याचं मूळ गाव दादांच्या आजोळापासून दोन कोसांवर. आईने चुलीपाशी ते ऐकलं आणि हळूच पोहे भिजत घातले.

"लग्न झालंय का आपलं?" दादांनी विचारलं.

"नाही अजून. आधी अभ्यास पुरा होऊ दे," तो हसून म्हणाला.

पोह्यांची बशी माझ्या हातात देऊन आईने मला पुढे ढकललं. मी डोईवरून पदर घेऊन बशी ठेवली. त्याने माझं नाव विचारलं, वय विचारलं, शाळा कितवीपर्यंत ते विचारलं, वाचता येतं का, शिवता येतं का, तेही विचारलं. मग झोळीतून फीत काढून तो म्हणाला, "जरा त्या भिंतीपासून ह्या भिंतीपर्यंत चालत जाता का, हे टोक धरून?" मी चालत गेले. त्याला खोली मोजायची होती. मग त्याने आम्हा तिघांना एकेक करून भिंतीला उभं केलं आणि उंची घेतली. रंगीत चकत्या चिकटवलेला एक पुठ्ठा काढून आमच्या डोळ्यांचा आणि कातडीचा रंग ताडून पाहिला. एक मोठा वाकडा लोखंडी चिमटा काढून दादांच्या डोक्याची रुंदीसुद्धा घेतली. मला मात्र त्याने चिमटा लावला नाही. लाजला असावा.

एवढं होईपर्यंत त्याच्या गाडीची वेळ झाली. पुढच्या रविवारी येतो म्हणाला. आईने नारळ हातात दिला, तो त्याने घेतला. पुढे मीही ह्याच धंद्यात आल्यावर कधीतरी तो मला म्हणाला की त्याच्या गुरुजींनी बजावून सांगितलं होतं, लोक जे देतील ते घ्यायचं, नाही म्हणायचं नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना काय जातंय सांगायला.

सायकल वळणाआड जाते न जाते तोच मालकीणबाई ओट्यावरून उठून आमच्या दारात आली.

"पोरगी बघून गेला न्हवं?"

आई पदराने तोंड पुसत हसली.

"उंची बी मोजली म्हनं? आमच्या टायमाला नुसती डोळ्यानं मापायचे. व्हय बाई, शिकल्याली मान्सं."

संध्याकाळपर्यंत ओळीतल्या प्रत्येक घराला कळलं होतं. नळावर बायका आईला वाट करून देत होत्या.

रात्री जेवताना दादा म्हणाले, "उद्याच्याला कारखान्यात न्हाई जायाचं."

"नाही?" मी विचारलं.

"अगं, न्हाई म्हंजी तूर्त न्हाई. उद्या त्यांच्याकडनं होकार आला, आन् पोरगी कारखान्यात जाती असं कळलं, तर काय म्हनतील? त्यांचं उत्तर येऊ दे. मग बगू."

"भरती महिनाअखेरपर्यंतच आहे," मी म्हणाले.

"आठ दिसांत येतो म्हनलाय की."

मी डबा फडताळात ठेवून दिला. आठच दिवस, असं मीही स्वतःला सांगितलं.

रविवार आला, पाहुणा आला नाही. पुढचाही रविवार गेला. पण माझ्यासाठी नियम आले. उन्हात जायचं नाही, कारण रंग रापेल. भांडी घासायची नाहीत, हात खरबरीत होतील. नळावर जायचं नाही, कारण पाहिलेली मुलगी चारचौघींत उभी राहिली की लोक काहीबाही विचारतात. आई रोज बेसन आणि साय लावून माझं तोंड चोळायची. दुधाचा पेला मला मिळायला लागला, जो घरात फक्त आजारी माणसाला मिळे. जेवण सुधारलं, पण उंबरा बंद झाला. दाराबाहेर ओट्यावर बसले तरी आई आतून हाक मारायची.

खोलीला एकच खिडकी होती, गज लावलेली, ओळीच्या अंगणाकडे उघडणारी. पत्रा तापला की आत बसवत नसे. मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन खिडकीशी बसायचे. दुसरं करणार काय? बघत राहिले. आणि बघता बघता मला दिसायला लागलं की आमची ही ओळ दिसते तशी ओळ नाहीच. शेजारीण वाटीभर कालवण घेऊन निघाली की आमचं दार सोडून लांबच्या कोकणी घरी जायची. नळावर बायका येतील तशा उभ्या राहत नसत, सातारकडच्या एकीकडे, मराठवाड्याच्या एकीकडे. भांडण झालं की मात्र रात्रपाळीवाल्या घरांच्या बायका एक व्हायच्या आणि दिवसपाळीवाल्या एक, कारण दिवसा झोपलेल्या नवऱ्याच्या उशाशी कुणी आरडाओरडा केलेला कुठल्याही जिल्ह्यातल्या बाईला चालत नाही. गावं मागे पडत होती आणि पाळ्या पुढे येत होत्या. हे मी आज असं मांडून सांगते. तेव्हा नुसतं दिसत होतं, आणि दिसलेलं सांगायला कुणी नव्हतं.

आणखीही एक गोष्ट मला त्या खिडकीशीच कळली. हा माणूस मला पाहायला आलाच नव्हता. त्याने आईला विचारलं होतं की रोज किती हंडे पाणी लागतं आणि केर कुठे टाकता. मुलगी बघायला आलेला कुणी केर कुठे टाकता विचारतो का? मी आईला तसं म्हणाले.

"आणि दादांच्या डोक्याला चिमटा लावला तो? होणारा जावई सासऱ्याच्या डोक्याला चिमटा लावतो का?"

"शिकलेल्या लोकांच्यात असंल तशी रीत," आई म्हणाली आणि बेसन कालवायला लागली.

माझा नुसता संताप व्हायचा. जो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता त्याच्या उत्तरासाठी मला कोंडून ठेवलं होतं, आणि हे मी सांगितलं तर पोरगी आगाऊ आहे, तिच्या मनात नाही, असं ठरायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मी काही गुडघ्याला बाशिंग बांधून बसले नव्हते. तो माणूस मला आवडला की नाही याचा मी विचारही केला नव्हता. मला बाटल्या तपासायला जायचं होतं.

घरात मात्र बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी असं चाललं होतं. लग्न गावी करायचं की इथेच मांडव घालायचा यावरून आई आणि दादा दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते.

तिसरा आठवडा लागला तसं बायकांचं वाट करून देणं थांबलं. शेजारची कोकणातली मुलगी माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान. ती भरती झाली. सकाळी ती खिडकीवरून जायची, केस पांढऱ्या फडक्यात घट्ट बांधलेले, हातात डबा. पहिल्या दिवशी ती थांबून माझ्याशी बोलली. नंतर नुसती हात करायची. घाई असायची तिला. एकदा अंगणात कुणी तरी मालकीणबाईला म्हणालं, "पसंत नाही पडली वाटतं." मी खिडकीच्या आत होते, म्हणजे त्यांच्यापासून दोन हातांवर. मालकीणबाई म्हणाली, "उंच हाय पोरगी. मोजल्यावर कळलं आसंल."

आमच्याकडे मुलीला कुणी सरळ नाही म्हणत नाहीत. पत्रिका जुळत नाही म्हणतात, यंदा करायचं नाही म्हणतात, नाहीतर गप्प बसतात. गप्प बसणं हे सगळ्यात वाईट. नकार आला की मुलगी दुसऱ्याला दाखवता येते. गप्प बसले की ती तशीच राहते, ना ह्यांची ना त्यांची. दादांना हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. एक दिवस रजा टाकून ते धुतलेला सदरा, टोपी घालून पुण्याला गेले, त्या कॉलेजात विचारून येतो म्हणून. संध्याकाळी परत आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "भेट न्हाई झाली." आईने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि ताट वाढायला उठले.

महिना संपायला दोन दिवस राहिले होते. सकाळची दहाची वेळ असेल. टोकाकडून चाचांचा आवाज आला, "भाभी, तुमचे पाव्हणे आले हो!"

आई अशी काही धावली की मी तिला त्याआधी कधी धावताना पाहिलं नव्हतं. चाचांना तिने सायकलवर तसंच कारखान्याकडे पिटाळलं, दादांना घेऊन या म्हणून. ट्रंकेतला तिचा लग्नातला हिरवा शालू काढून माझ्या अंगावर टाकला. दुसऱ्यांदा येणं म्हणजे काय, हे ओळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दुसऱ्यांदा येणं म्हणजे पसंती. आता तो आत येऊन बसला, पोहे खाल्ले, आणि दादा आले, की त्याच्याबरोबर माझं लग्न होवो न होवो, माझं बाकी सगळं संपलं. तो नाही म्हणाला तर बोलणी मोडलेली मुलगी. आणि भरती दोन दिवसांत बंद.

तो आत आला. अर्धा झाला होता, केस विरळ झालेले, शर्ट अंगावर लोंबत होता. विषमज्वर झाला होता म्हणाला, महिनाभर अंथरुणाला खिळून होतो. आईचे डोळे भरून आले. म्हणून उत्तर आलं नाही होय, असं तिच्या चेहऱ्यावर लख्ख वाचता येत होतं. तो झोळी उघडत म्हणाला, "मागच्या वेळी तुमचं एकच घर झालं होतं. आज बाकीची ओळ घ्यावी म्हणतो."

आईच्या कानांवरून ते पाण्यासारखं गेलं. ती पोहे परतत होती. माझ्या मात्र पायांत एकदम बळ आलं.

मी पुढे झाले आणि त्याच्या हातातून फीत काढून घेतली. पुठ्ठाही घेतला. "या," म्हणाले, आणि उंबरा ओलांडला. शालू आवरत, भर उन्हात, अंगण तुडवत मी मालकीणबाईच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. मागून आईची हाक आली. मी वळले नाही. तो बावचळून माझ्या मागे येत होता.

"आजी, भिंतीला टेकून उभ्या राहा."

"मी? कशापायी गं?"

"पाहुणे तुमची उंची घेणार आहेत." मग मी त्याच्याकडे वळून, दारादारात जमलेल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला जे जे विचारलंत ते सगळं यांना विचारा. एक शब्द गाळू नका."

त्याने माझ्या शालूकडे पाहिलं. मागे, दारात पोह्यांची बशी घेऊन उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. बशीशेजारी नारळ होता. तो मूर्ख नव्हता. त्याचा चेहरा आधीच पांढरा होता, तो आणखी उतरला. मग त्याने चष्मा पुसला, घसा साफ केला आणि विचारलं, "आजी, आपलं नाव काय?"

तिने सांगितलं.

"वय?"

"मोप झालं."

"शिक्षण? लिहिता-वाचता येतं? शिवणटिपण?"

"गोधडी येती."

"जरा इथून तिथपर्यंत चालून दाखवता?"

मालकीणबाईला तोवर सगळं कळलं होतं. बाई वस्ताद होती. तिने काठी भिंतीला टेकवली, पदर डोक्यावरून पुढे ओढला, आणि कमरेवर हात ठेवून नव्या नवरीसारखी लाजत, लचकत, अंगण ओलांडून गेली आणि परत आली. मग भिंतीला पाठ लावून उंची देत म्हणाली, "पसंत हाय का न्हाई त्ये आत्ताच सांग बाबा. मला थांबाया येळ न्हाई."

ओळ अशी हसली की दिवसा झोपलेले रात्रपाळीवाले उठून बाहेर आले. कोकणातल्या काकू पोट धरून खाली बसल्या. मराठवाड्याची थोरली सून स्वतःहून पुढे आली, "माझंबी मोजा की." पाहुणाही हसायला लागला, आणि हसता हसता त्याने मालकीणबाईच्या डोक्याला तो वाकडा चिमटा लावला. मला वाटलं, सुटले मी. त्या अंगणात इतकं ऊन आहे हे मी विसरूनच गेले होते.

फक्त आई हसत नव्हती. ती बशी घेऊन तशीच उभी होती.

आणि तेवढ्यात चाचांची सायकल आली. मागे कॅरिअरवर दादा बसले होते. कारखान्याचे खाकी कपडे, पण हात-तोंड धुतलेलं, केस पाण्याने चापून बसवलेले. मांडीवर पेढ्यांचा पुडा होता. वाटेत थांबून घेतलेला.

ते उतरले. त्यांनी भिंतीला टेकलेली मालकीणबाई पाहिली, तिच्या डोक्याला लावलेला चिमटा पाहिला, रांगेत हसत उभ्या असलेल्या बायका पाहिल्या. मग शालू नेसून उन्हात उभ्या असलेल्या मला पाहिलं, माझ्या हातातल्या फितीसकट. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही. हसणं हळूहळू थांबलं. त्या क्षणी मला वाटलं, परत आत जावं, दार लावून घ्यावं आणि जन्मभर त्या खोलीत बसावं, पण दादांचं ते तोंड दिसू नये. त्यांनी एक महिना काय काय रचलं असेल, ते सगळं मी चार बायकांना हसवून मोडलं होतं. दुसरा मार्ग मला सापडला नव्हता. आजही सापडत नाही.

"कशाचं रं पेढं?" मालकीणबाईने विचारलं. तिचा आवाज एरवी इतका मऊ नसायचा.

दादांनी पुड्याचा दोरा सोडला. गाठ घट्ट होती, त्यांना वेळ लागला. पहिला पेढा त्यांनी मालकीणबाईच्या हातावर ठेवला, दुसरा पाहुण्याच्या.

"घ्या," ते म्हणाले. "पोरगी नोकरीला लागती हाय आमची."

पाहुणा काही तरी बोलायला गेला, तर दादांनी त्याला खांद्याला धरून पोह्यांसाठी घरात नेलं. आजारातून उठलेल्या माणसाने उन्हात उभं राहू नये म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आईने दोन डबे भरले. दादा पुढे, मी मागे, असे आम्ही मुंबई रस्त्याने चाललो. ते भराभर चालत होते आणि मागे बघत नव्हते. कारखान्याची चिमणी दिसायला लागली तेव्हा ते न थांबता म्हणाले, "पुन्याला गेलतो मी. फाटकापातूर गेलो. आत येवढी मोठी दगडाची इमारत, पोरं इंग्रजीत बोलत भाईर पडत व्हती. समोरच्या झाडाखाली बसलो दुपारपातूर. म्हनलं, आत जाऊन काय विचारायचं?"

मी म्हणाले, "दादा."

"चल बिगीबिगी," ते म्हणाले. "भोंगा व्हईल."

भरतीच्या खोलीत माझ्यापुढे बऱ्याच मुली होत्या. माझा नंबर आला तेव्हा दादा दाराशी भिंतीला टेकून उभे होते. कारकुनाने मान वर न करता विचारलं, नाव काय. मग वय, मग शिक्षण. मूळ गाव कुठलं. मी एकेक उत्तर देत गेले, आणि प्रत्येक उत्तराला माझा आवाज लहान होत गेला.

"उंची?" त्याने विचारलं, आणि भिंतीवरच्या पट्टीकडे बोट केलं.

"मोजल्याली हाय, सायेब," दादा दाराशीच उभे राहून म्हणाले आणि महिनाभरात पहिल्यांदा हसले.

मला मात्र रडू आलं. ते आवरायला मी पट्टीला पाठ लावून, मान ताठ करून उभी राहिले. कारकुनाला वाटलं, पोरगी उंची वाढवून दाखवतेय. त्याने हाताने माझं डोकं दाबून परत मोजलं.